चार वेळा पाहिलेलं भाषण आणि एकदाही न केलेलं

प्रश्न लांबलचक होता, म्हणून आधी थोडक्यात सांगते. विचारणारे सव्वीस वर्षांचे आहेत, पुण्यात नोकरी करतात. अमेरिकेतले प्राध्यापक रँडी पाउश यांचं ते प्रसिद्ध शेवटचं व्याख्यान त्यांनी चार वेळा पाहिलं. दर वेळी डोळे भरून आले, दर वेळी ‘उद्यापासून रोज सराव’ असं ठरलं आणि पाचव्या-सहाव्या दिवशी ते बारगळलं. ऑफिसात दहा माणसांपुढे उभं राहिलं की आवाज थरथरतो. आता दोन महिन्यांनी त्यांचे वडील एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त होतायत. डेपोत छोटासा निरोप समारंभ आहे आणि ‘मुलाने चार शब्द बोलावेत’ असं वडिलांच्या सहकाऱ्यांनी परस्पर ठरवून टाकलंय. तर प्रश्न असा की, अशी भाषणं पाहून खरंच काही शिकता येतं का? आणि चिकाटी आणायची कुठून?

मी गेली बावीस वर्षं लोकांना बोलायला शिकवते. त्याआधी शाळेत मराठी शिकवत होते आणि वक्तृत्व स्पर्धांची परीक्षक म्हणून कित्येक दुपारी घंटा हातात धरून काढल्या आहेत. माझ्याकडे बँकेतले अधिकारी येतात, बचत गटाच्या अध्यक्ष येतात, नुकतेच निवडून आलेले सरपंच येतात. त्यामुळे सांगते ते पुस्तकातलं नाही, पण माझ्या वर्गापुरतं आहे हेही लक्षात ठेवा. आणि एक गोष्ट सुरुवातीलाच. नुसता आवाज थरथरत नसेल, बोलायचं आहे म्हणून रजा टाकावीशी वाटत असेल, आठवडाभर आधीपासून झोप उडत असेल, तर माझ्यासारखीकडे येण्याआधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. अडखळत बोलण्याचा त्रास असेल तर वाचा-उपचारतज्ज्ञ. तुमच्या लिहिण्यावरून तसं वाटत नाही, पण मी तुम्हाला पाहिलेलं नाही.

आता मूळ मुद्दा. तुम्हाला वाटतंय तुमची अडचण चिकाटीची आहे. मला वाटतं तुम्ही त्या भाषणाकडून चुकीचं काम करून घेताय. त्याने तुम्हाला मागून ढकलावं अशी तुमची अपेक्षा आहे. ते ढकलतंही, पण तो जोर दोन-तीन दिवसांत ओसरतो, कारण तो तुमचा नसतो. शिवाय भरून आलं, रडू आलं की माणसाला काहीतरी केल्यासारखं वाटतं. मन मोकळं होतं, झोप छान लागते आणि सकाळी जे करायचं होतं त्याची निकड निम्मी झालेली असते. माझ्याकडे येणाऱ्यांत तासन्‌तास प्रेरणादायी भाषणं पाहणारे पुष्कळ असतात. बोलायला उभे राहतात तेव्हा न पाहणाऱ्यांपेक्षा ते पुढे असतात असं मला तरी दिसलेलं नाही. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही वगैरे तुम्हाला दहा जणांनी सांगितलं असेल, ते मी परत सांगत नाही. पाहण्यातूनही शिकता येतं. फक्त पाहण्याची रीत वेगळी लागते.

तुम्ही निवडलेलं भाषणच घेऊ. हे व्याख्यान १८ सप्टेंबर २००७ रोजी पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात झालं. पाउश संगणकशास्त्राचे प्राध्यापक. स्वादुपिंडाचा कर्करोग यकृतात पसरलेला, डॉक्टरांनी सांगितलेलं की बऱ्या तब्येतीचे तीन ते सहा महिने हातात आहेत. विषय मात्र त्यांनी निवडला लहानपणीच्या स्वप्नांचा. भाषण सव्वा तासाचं आहे. पुढच्या वर्षी, २५ जुलै २००८ला, ते गेले. हे सगळं माहीत असल्यामुळेच आपण पहिल्या मिनिटापासून हळवे होऊन पाहतो आणि ते काय करतायत हे आपल्याला दिसतच नाही.

पाचव्यांदा बघताना वही घ्या. पानावर मधोमध उभी रेघ. डावीकडे वेळ आणि वक्ता काय करतोय ते, उजवीकडे श्रोते काय करतायत ते. हसले, गप्प झाले, टाळ्या दिल्या. वाक्यं उतरवायची नाहीत. पहिली पाच मिनिटं अशी उतरवायला माझ्या वर्गात अर्धा तास जातो, कारण सारखं मागे जाऊन बघावं लागतं. मग तीच पाच मिनिटं आवाज बंद करून बघा, फक्त हात, पाय आणि मान. मग डोळे मिटून ऐका, फक्त कुठे थांबतात ते. हे कंटाळवाणं आहे, आणि ते तसंच असायला हवं. कंटाळा आला की समजा डोळे कोरडे झाले आणि आता दिसायला लागेल.

काय दिसेल ते सुरुवातीपुरतं सांगते. सभागृहात बसलेल्या प्रत्येकाच्या मनात एकच गोष्ट आहे: हा माणूस मरणार आहे. पाउश ती पहिल्या काही मिनिटांतच बाहेर काढतात. खोलीत हत्ती असेल, म्हणजे सगळ्यांना दिसणारी पण कुणीच न बोलणारी गोष्ट असेल, तर त्याची ओळख करून द्यावी असं आपले वडील म्हणायचे, असं सांगून स्वतःच्या स्कॅनची चित्रं पडद्यावर दाखवतात. यकृतात साधारण दहा गाठी, बाण काढून. मग म्हणतात, तब्येत मात्र माझी आत्ता तुमच्यातल्या बऱ्याच जणांपेक्षा चांगली आहे, आणि तिथेच जमिनीवर हात टेकून जोर मारायला लागतात. लोक हसतात, टाळ्या वाजवतात. ज्याला रडायचं किंवा कीव करायची असेल त्याने आधी असे चार जोर मारून दाखवावेत, असंही वर सांगतात.

आता यातून शिकायचं काय? जोर मारणं नव्हे. (एका शिबिरात एकाने खरोखर मारले होते. माइक शर्टाला लावलेला होता. तो आवाज मी विसरलेले नाही.) शिकायचं हे की श्रोत्यांच्या मनात आधीच एक न विचारलेला प्रश्न असतो आणि तो सुटल्याशिवाय ते तुमचं ऐकत नाहीत. पाउशनी तो आधी सोडवला. आपल्याकडे काय होतं? ‘सन्माननीय व्यासपीठ, व्यासपीठावरील मान्यवर, गुरुजनवर्ग आणि माझ्या बंधू-भगिनींनो, आज मी जे चार शब्द सांगणार आहे ते आपण शांतपणे ऐकून घ्यावेत ही नम्र विनंती.’ शाळेत हे मीही मुलांकडून घोकून घेतलंय, पापात वाटा आहे. त्याचा दुसरा अवतार म्हणजे ‘मला खरं तर बोलता येत नाही, पण आग्रह झाला म्हणून…’ असं म्हटलं की लोक तुमचं बोलणं ऐकत नाहीत, तुमच्या चुका मोजायला लागतात.

डेपोतल्या समारंभाला येणाऱ्यांच्या मनात कोणता प्रश्न असेल? मला वाटतं असा: हा पोरगा पुण्यात असतो, आम्ही याच्या बापाबरोबर तीस वर्षं काढली, हा आम्हाला त्याच्याबद्दल नवीन काय सांगणार? आणि प्रश्न रास्त आहे. वडील कामात कसे होते हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. म्हणून कष्टाळू, प्रामाणिक, मनमिळाऊ ही विशेषणं तिथे पूर्ण फुकट जाणार. तुमच्याकडे त्यांच्याजवळ नसलेली एकच गोष्ट आहे, ती म्हणजे गाडी डेपोत लागल्यानंतरचा माणूस. घरी आल्यावर पहिलं काय करायचे? मुक्कामी गाडीची ड्युटी असली की घरात काय वेगळं व्हायचं? ते तुम्ही सांगा.

दुसरी गोष्ट पाउशच्या भाषणात पाहण्यासारखी आहे ती वस्तूंची. जत्रेतल्या खेळांत मोठाली कापडी अस्वलं जिंकणं हे त्यांचं एक स्वप्न होतं. ती जिंकल्याचे फोटो ते दाखवतात, मग म्हणतात की हल्ली फोटोंवर कोण विश्वास ठेवतो, आणि ती अस्वलं खरोखर मंचावर आणली जातात. शेवटाकडे बायकोसाठी केक येतो, कारण तिचा वाढदिवस आदल्या दिवशी होऊन गेलेला असतो. या दोन्ही वेळी श्रोत्यांची नजर वक्त्यावरून हटून वस्तूकडे जाते. घाबरणाऱ्या माणसासाठी हे फार मोलाचं आहे. हातात काही धरायला मिळतं, लोक तुमच्याकडे न बघता त्याच्याकडे बघतात आणि तुम्हाला श्वास घ्यायला दोन सेकंद मिळतात. तुमच्या बाबतीत ती वस्तू काय, त्याकडे शेवटी येते.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, आणि ती चिकाटीच्या प्रश्नाला जाऊन भिडते. पाउशच्या भाषणातलं विटांच्या भिंतीचं वाक्य सगळ्यांना पाठ असतं. भिंती आपल्याला अडवायला नसतात, आपल्याला ती गोष्ट किती मनापासून हवी आहे हे दाखवायची संधी देतात, अशा अर्थाचं. भिंतीवर लावायला वाक्य छान आहे. पण त्यांनी भिंत ओलांडली कशी, हे ते स्वतः सांगतात तिकडे फार कमी जणांचं लक्ष जातं. वजनरहित अवस्थेत तरंगणं हे त्यांचं लहानपणचं स्वप्न. त्यांच्या विद्यार्थ्यांनी नासाच्या एका स्पर्धेत तशा विमानात जायची संधी मिळवली, आणि मग कळलं की मार्गदर्शक प्राध्यापकांना बरोबर जाता येत नाही. पाउशनी काय केलं? नियमावली बारकाईने वाचली. तिच्यात दिसलं की विद्यार्थ्यांच्या गावचा पत्रकार बरोबर जाऊ शकतो. त्यांनी मार्गदर्शकपदाचा राजीनामा दिला आणि पत्रकार म्हणून अर्ज केला. याला मी चिकाटी म्हणते. डोकं आपटत बसणं नाही, भिंतीच्या कडेकडेने चालत दार शोधणं. आणि व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल खेळायचं त्यांचं स्वप्न तर पुरं झालंच नाही. तेही ते हसत हसत सांगतात, वर म्हणतात की जी स्वप्नं साधली त्यांतल्या बहुतेकांपेक्षा त्या न साधलेल्यातून जास्त मिळालं.

त्या फुटबॉलच्या भागात एक प्रशिक्षक येतो. पहिल्या दिवशी तो मैदानावर येतो तो चेंडूशिवाय. पोरं चक्रावतात. तो विचारतो, मैदानावर एका वेळी किती खेळाडू असतात? बावीस. आणि चेंडू कितीजणांकडे असतो? एकाकडे. मग उरलेले एकवीस काय करतात त्यावर आज काम करू. मला विचाराल तर अख्ख्या भाषणातला माझ्या धंद्याच्या कामाचा प्रसंग हा आहे. भाषण म्हणजे शब्द असं तुम्ही धरून चाललाय. शब्द हा एक खेळाडू. उभं कसं राहायचं, माइकपासून तोंड किती लांब, कागद कुठल्या हातात, पहिलं वाक्य बोलण्याआधी किती थांबायचं, नजर कुठल्या रांगेत, पंखा डोक्यावर असेल तर कागद उडेल का, हे उरलेले एकवीस. थरथर बहुतेक वेळा यांच्यातल्या कुणाच्या तरी गैरहजेरीमुळे होते.

आणि एक विसरू नका. पाउश सहज बोलताना दिसतात त्यामागे वर्षानुवर्षं वर्गात उभं राहून शिकवलेलं आहे. आधी व्हर्जिनिया विद्यापीठ, १९९७ पासून कार्नेगी मेलन. आपल्याला सव्वा तास दिसतो. तुम्ही तुमचा पहिला पाच मिनिटांचा प्रयत्न त्या सव्वा तासाशी ताडून बघता आणि सहाव्या दिवशी सोडून देता. मीही सोडलं असतं.

माझीच फजिती सांगते. शिकवायला लागण्याआधीची गोष्ट. एका तालुक्याच्या गावी वाचनालयाच्या व्याख्यानमालेत मला बोलावलं होतं. चाळीस मिनिटांचं भाषण मी शब्दन्‌शब्द पाठ केलं होतं, कुठे आवाज चढवायचा तेसुद्धा. वीसेक मिनिटं झाली असतील, वीज गेली. अंधार, माइक बंद, कुणीतरी कंदील आणायला धावलं. पाच मिनिटांनी उजेड झाला आणि मी बोलायला लागले, ती थेट पहिल्या वाक्यापासून. मला कळलंच नाही. पाठ केलेलं भाषण साखळीसारखं असतं, मधली कडी हाताला लागत नाही, टोक लागतं. दुसरा परिच्छेद सुरू झाला तेव्हा पुढच्या रांगेतले एक धोतर-टोपीतले आजोबा अगदी सौम्यपणे म्हणाले, ‘बाई, हे झालंय. पुढचं सांगा.’ सभा हसली. मीही हसले असते तर निभावलं असतं, पण मी रडकुंडीला आले आणि दहा मिनिटांत आटोपतं घेतलं.

तेव्हापासून मी भाषण पाठ करत नाही आणि करू देत नाही. पाठ करायचे ते थांबे. तुमच्या घरात हे समजावून सांगायची गरज नाही. रस्त्यात खड्डा आला, वळसा घ्यावा लागला, तरी पुढचा थांबा कोणता हे कंडक्टरला माहीत असतं. पाच मिनिटांच्या भाषणाला तीन थांबे पुरतात. मराठीत सावकाश बोललं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात, म्हणजे तुमच्याकडे पाच-सहाशे शब्द आहेत. त्यात एक प्रसंग नीट सांगून होतो, दोन अर्धवट होतात. शब्दशः पाठ फक्त दोन वाक्यं करा, पहिलं आणि शेवटचं. पहिलं यासाठी की भीतीचा कडेलोट पहिल्या मिनिटात असतो आणि तेव्हा डोकं चालत नाही, जीभ चालते. शेवटचं यासाठी की थांबायचं कुठे हे माहीत नसलेला माणूस ‘एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो’ म्हणून परत चार मिनिटं बोलतो.

थरथरीबद्दल. ती जाणार नाही, कमी होईल. माझी अजून गेलेली नाही, तळहात ओले होतात. पण एक गोष्ट माहीत असली की बरंच हलकं वाटतं. आपल्याला वाटतं तितकी आपली भीती समोरच्याला दिसत नाही. केनेथ सॅवित्स्की आणि थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही वक्त्यांना बोलण्याआधी नुसतं एवढंच समजावून सांगितलं, तर त्यांची भाषणं त्यांना स्वतःलाही बरी वाटली आणि ऐकणाऱ्यांनाही. मी वर्गात याची खात्री साध्या रीतीने करून देते. माणूस बोलून खाली बसला की विचारते, दहापैकी किती घाबरला होतात? तो म्हणतो नऊ. बाकीच्यांना विचारते, तुम्हाला किती दिसला? तीन, चार, फार तर पाच. तुमच्या फोनवरचं रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी बघाल तेव्हा हेच कळेल. त्याच दिवशी बघू नका, त्या दिवशी सगळंच वाईट दिसतं.

आता तुमच्या वडिलांकडे येते, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या घरातच खाकी कपड्यांत फिरतंय आणि तुम्ही ते पिट्सबर्गमध्ये शोधताय, असं मला प्रश्न वाचता वाचता वाटत होतं. विचार करा, कंडक्टर दिवसभर काय करतो? पन्नास-साठ अनोळखी माणसांपुढे, हलत्या गाडीत, इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून बोलतो. ‘आत सरका, आत सरका. सुट्टे काढून ठेवा. तिकीट कोण राहिलंय?’ भांडणारा प्रवासी, पेंगुळलेलं पोर, उतरायचा थांबा विसरलेल्या आजी, सगळ्यांशी वेगळ्या सुरात. यातल्या एकाही वाक्याआधी त्यांचा घसा कोरडा पडला असेल का? नाही, कारण मी कसा दिसतोय, कसा बोलतोय, हा विचारच तिथे नाही. माणसं आत सरकली पाहिजेत, एवढंच डोक्यात. तुमचा आवाज ऑफिसात थरथरतो कारण तुमचं लक्ष स्वतःवर असतं. समोरच्याकडून काय व्हायला हवंय हे एका वाक्यात ठरवून उभं राहून बघा. ‘या मीटिंगनंतर त्यांनी मला एक आठवडा वाढवून द्यायला हवा’, बस्स. आवाज आपोआप बाहेर लागतो.

ऑफिसातलं बोलणं इंग्रजीत असेल तर एक फरक मान्य करायला हवा. तिथे भीती दुहेरी असते, माणसांची आणि भाषेची. त्यावर माझा उपाय थोडा गावठी आहे: आधी सगळं मराठीत मोठ्याने बोलून बघा, विचाराची गाडी रुळावर आली की मग इंग्रजीत. दोन्ही गोष्टी एकदम सुधारायला जाऊ नका.

आणि चिकाटी. वडील पहाटेच्या पहिल्या गाडीला जायचे तेव्हा आदल्या रात्री एखादं प्रेरणादायी भाषण ऐकून जायचे का? चार्टवर नाव लागलेलं असायचं. ड्युटी लागली की जायचं, मग पाऊस असो, अंग दुखत असो, मनात नसो. तुमच्या ‘रोज सरावा’ला चार्ट नव्हता. ‘रोज’ म्हणजे कधी, किती वेळ, कुणासमोर, काहीच ठरलेलं नव्हतं. मग पाचव्या दिवशी कंटाळा आला तेव्हा त्याला अडवायला कुणी नव्हतं. बावीस वर्षांतलं माझ्या वहीतलं निरीक्षण असं की टिकतात ते लोक जास्त जिद्दीचे असतात असं नाही. त्यांची कुणीतरी वाट बघत असतं, इतकंच.

म्हणून तुमची ड्युटी लावून देते. आठवड्याला तीनच दिवस, सोमवार, बुधवार, शुक्रवार, रात्री जेवणाआधी सात मिनिटं. पाच मिनिटं फोनसमोर उभं राहून बोलायचं, दोन मिनिटं वहीत एक ओळ: आज कुठल्या एका खेळाडूवर काम केलं. एका दिवशी फक्त थांबणं. एका दिवशी फक्त नजर. पहिले दोन आठवडे विषय काहीही घ्या, आजचं ट्रॅफिक, मेसचं जेवण. रेकॉर्डिंग पुसायचं नाही आणि ते एका माणसाला पाठवायचं, मित्र, बहीण, कोणीही. त्याने बघितलंच पाहिजे असं नाही, पण नाही आलं तर ‘आज काय झालं?’ असं विचारायला हवं. एखादा दिवस बुडाला तर बुडाला. दुसऱ्या दिवशी दुप्पट करायला जाऊ नका, दुप्पट करणारे तिसऱ्या दिवशी गायब होतात.

शिवाय जिवंत माणसं हवीत. पुण्यात टोस्टमास्टर्सचे, म्हणजे एकत्र जमून भाषणाचा सराव करायचे, क्लब आहेत. ही चळवळ १९२४ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झाली. तिथे तुमच्यासारखेच घाबरलेले दहा-वीसजण असतात, वेळ पाळायला हिरवा, पिवळा, लाल अशा खुणा असतात आणि तुम्ही किती वेळा ‘अं… म्हणजे’ केलंत ते मोजायला एक माणूस बसवलेला असतो. मला स्वतःला तिथलं टाळ्यांचं प्रमाण जरा जास्त वाटतं, पण सुरुवातीला त्या टाळ्या कामाच्या असतात. ते नको असेल तर प्रत्येक मीटिंगमध्ये एक प्रश्न विचारायचा, उभं राहून किंवा आवाज नीट लावून. दोन महिन्यांत पंधरा-वीस प्रश्न होतात, तो सरावच आहे.

इथवरचं एकदा गोळा करते. ते भाषण आता रडायला नको, वही घेऊन पाच-पाच मिनिटं बघा. त्यातलं एकच तंत्र उचला, श्रोत्यांच्या मनातला प्रश्न आधी सोडवायचा. भाषण पाठ करू नका, तीन थांबे ठरवा. आणि चिकाटी शोधत बसू नका, चार्ट लावा.

राहिला समारंभ. शेवटच्या तीन आठवड्यांत सरावाचा विषय फक्त तोच. कागदावर तीन थांबे, जाड अक्षरात, पत्त्याएवढ्या पुठ्ठ्यावर. पूर्ण पान थरथरलं की लांबून दिसतं, पुठ्ठा नाही दिसत. त्या दिवशी अर्धा तास आधी जा आणि ज्याने माइक लावलाय त्याच्याशी ओळख करून घ्या. तोंडापासून चार बोटं अंतर, आणि त्यावर टिचक्या मारायच्या नाहीत. उभे राहिलात की लगेच बोलू नका. एक श्वास सोडा, पूर्ण, सावकाश. घेण्याकडे सगळे लक्ष देतात, सोडायचा विसरतात.

गळा दाटून येईल, ते धरून चला. वडील समोर बसलेले असणार. त्याला उपाय असा: जे वाक्य बोलताना तुम्हाला भरून येतं ते शोधून काढा आणि घरी मोठ्याने वीस-पंचवीस वेळा बोला. आठव्या-दहाव्या वेळेपर्यंत रडाल, मग ते वाक्य झिजतं, बोलण्याजोगं होतं. ऐकणाऱ्यांसाठी ते पहिल्यांदाच असणार. तरीही दाटलाच गळा, तर थांबा, पाणी प्या, माफी मागू नका. डेपोतली माणसं आहेत, त्यांना घाई नसते.

सुरुवातीचं वाक्य मी देणार नव्हते, पण एक नमुना: ‘बाबा बोलायला लागले की पन्नास माणसं आत सरकायची. मी बोलायला लागलो की माझाच आवाज आत सरकतो.’ हे वापरू नका, हे माझं आहे आणि तुमच्या तोंडी उपरं वाटेल. पण यात काय केलंय ते बघा. आपल्याला बोलता येत नाही हे यातही आलंय, माफी न मागता, आणि वडिलांच्या निमित्ताने.

आणि वस्तू. तिकीट पंच करायचा जुना चिमटा घरात कुठे पडला असेल तर त्याच्यासारखं काही नाही. नुसता माइकजवळ धरून दोनदा वाजवलात तरी समोरच्या रांगेतले सगळे हसतील. तो जमा झाला असेल तर जेवणाचा डबा चालेल, तो पोचे आलेला, वर्षानुवर्षं गाडीत फिरलेला. काय सापडतंय ते या आठवड्यातच बघा, कारण कुठली वस्तू मिळते त्यावर तुमचा पहिला थांबा ठरेल. फक्त वडिलांना विचारू नका, आईला विचारा.